पदवीचे कर्ज : बडोद्यापासून भंडाऱ्यापर्यंत

१९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. त्या वेळी भंडारा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती आणि गोंदिया वेगळा जिल्हा व्हायला अजून पंचेचाळीस वर्षे अवकाश होता. मतदारसंघ दोन सदस्यांचा. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. आमच्या जिल्ह्यात ही निवडणूक अजून सांगितली जाते. कोणी कोणाला मत दिले आणि कोणी दिले नाही, यावर म्हाताऱ्या माणसांचे वाद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्या उमेदवाराच्या नावामागे ज्या पदव्या छापल्या जात, एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ, त्या पदव्यांचा खर्च कोणी केला, किती कर्ज झाले आणि ते कसे फिटले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

हा हिशेब आम्हाला महत्त्वाचा वाटतो, त्याला कारण आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दरवर्षी पदवीचे निकाल लागले की जुने विद्यार्थी आणि त्यांचे वालिद घरी येतात. मुलगा किंवा मुलगी बी.ए., बी.एस्सी. झालेली असते. विडीच्या कारखान्यात, धानाच्या गिरणीत, गॅरेजमध्ये नाहीतर किराणा दुकानात कमावणारे घर असते. प्रश्न एकच असतो : "सर, पुढे एम.ए. करावे का? आणि त्यासाठी बँकेचे कर्ज काढावे का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देणारे लोक पुष्कळ आहेत. आम्ही जरा मागे जाऊन पाहतो.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड. शिष्यवृत्ती म्हटली की फुकटचा पैसा, अशी आपली समजूत असते. ही तशी नव्हती. जून १९१३ मध्ये आंबेडकरांनी करार लिहून दिला : शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन. म्हणजे हे कर्जच होते, फेड तेवढी रुपयांऐवजी वर्षांनी करायची होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ मध्ये त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर केला आणि लंडन गाठले. तिथे पुढचा अभ्यास सुरू होतो न होतो तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परत यावे लागले. सामान आणि पुस्तके ज्या जहाजाने येत होती, ते जर्मन पाणबुडीने बुडवले.

करार पाळायला ते बडोद्यास गेले. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एवढ्या शिकलेल्या माणसाला गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते काही दिवस राहिले. मग लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. शेवटी एका बागेत तासन् तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. कचेरीत शिपाई लांबून कागद फेकत, ही गोष्ट तर पाठ्यपुस्तकांतूनही आली आहे. पुढे संस्थानाकडून शिष्यवृत्तीच्या रकमेचा तगादा सुरू झाला.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. कर्जदार फेडायला तयार होता. दहा वर्षे घाम गाळायला तयार होता. पण ज्या गावात राहून ते कर्ज फेडायचे, त्या गावाने त्याला छप्पर दिले नाही. तरी कागदावर थकबाकीदार कोण? तोच. शिक्षणाच्या कर्जाचा हिशेब मांडताना आपण फी, व्याज आणि पगार एवढेच पाहतो. शिकून झाल्यावर ज्या शहरात नोकरी असते, तिथे आपल्या मुलाला नाव सांगितल्यावर खोली मिळेल का, हा आकडा कोणत्याही अर्जात भरावा लागत नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात भाड्याने घर शोधले आहे, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

आता दुसरे कर्ज. नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. त्या काळी हा मोठा पगार होता. असा पगार सुरू झाल्यावर कोणीही म्हणेल, आता पुरे झाले शिक्षण. ते परळच्या चाळीतच राहिले आणि पैसे साठवले. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली आणि जुलैमध्ये पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक सुमारे सात हजार होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजार दिले. पाच हजार रुपये नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले. कोलंबियातली ही ओळख. (ज्या कौमच्या धर्मशाळेतून हाकलले, त्याच कौमच्या माणसाने पाच हजार मोजून दिले. माणसांची नोंद कौमवार करणाऱ्यांनी हे दोन्ही प्रसंग एकाच वहीत लिहावेत.) १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला तेव्हा लंडनमध्ये राहायला पैसे उरले नव्हते. १९२३ मध्ये ते मुंबईला आले, इथे बसून दुरुस्ती केली, पोस्टाने पाठवली आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. वकिलीची सनद काढायलाही हातात पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले.

या दोन कर्जांची तुलना करावी. बडोद्याच्या कर्जाला कागद होता, मुदत होती, अटी होत्या. त्याने मधेच अभ्यास तोडला आणि नंतर तगादा लावला. भथेनांच्या कर्जामागे दोस्ती होती. घेणारा माणूस कमावता होईपर्यंत देणारा थांबला, आणि सनदेच्या वेळी आणखी देऊन थांबला. घेणाऱ्याच्या बाजूनेही एक फरक होता. दुसऱ्या वेळी त्याने आधी कमावले, स्वतःचे सात हजार बाजूला ठेवले आणि कमी पडले तेवढेच घेतले. एकूण रकमेत कर्जाचा वाटा निम्म्याहून कमी होता. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही हा आकडा आवर्जून सांगतो.

भथेनांसारखा दोस्त सगळ्यांच्या नशिबात नसतो. मग एखाद्या कौमने मिळून असा दोस्त उभा करावा का? हा प्रयोग मुसलमानांनी त्याच्याही तीस वर्षे आधी केला होता. अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात १८९० साली साहबजादा आफताब अहमद खान आणि त्यांच्या सोबत्यांनी 'अंजुमन-अल-फर्ज' स्थापन केली. पुढे ती 'ड्यूटी सोसायटी' या नावाने ओळखली गेली. सर सय्यद तेव्हा हयात होते, पण हे काम मुलांनी मुलांसाठी काढले होते. कॉलेजला सुट्टी लागली की विद्यार्थ्यांची टोळकी गावोगाव जात, झोळी पुढे करत आणि वर्गणी जमवत. त्या पैशातून गरीब विद्यार्थ्याला मदत मिळे आणि नोकरी लागल्यावर त्याने ती परत करायची असे. म्हणजे कर्ज-ए-हसना. नाव पाहा : फर्ज. कोणी कोणावर उपकार केला अशी भाषाच नाही. घेणाऱ्याला खैरात घेतल्याची शरम नको, आणि परत आलेला पैसा पुढच्या मुलाच्या कामी यावा. ही सोसायटी आजही अलीगढ विद्यापीठात आहे.

कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल जी आयत आहे, ती संपूर्ण कुरआनातील सर्वांत लांब आयत मानली जाते. तिच्या थोडे आधी तंगीत असलेल्या कर्जदाराला हात सैल होईपर्यंत मुदत देण्याचा हुकूम आहे. आमच्या वस्तीत व्याज हराम, हे मुलांनाही पाठ असते. मुदत देणे हाही हुकूम आहे, हे फार कमी लोकांच्या लक्षात असते. अलीगढच्या पोरांच्या ते लक्षात होते.

जामियाची गोष्ट वेगळी आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. झाकीर हुसेन १९२६ साली बर्लिनहून पीएच.डी. घेऊन परतले. १९२८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे जामियाची सेवा करण्याची आणि दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार न घेण्याची प्रतिज्ञा केली. त्यापूर्वी पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अशीच वीस वर्षांची शपथ घेतली होती. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच. पदवीची किंमत पगारात वसूल करायची नाही, असे ठरवून शिकलेली ही माणसे. त्यांच्याबद्दल आम्हाला अदब आहे. पण विडी वळून शिकवणाऱ्या आईला हा दाखला देऊन "पगाराकडे पाहू नका" असे सांगणाऱ्या व्याख्यात्यांचा आम्हाला राग येतो. प्रतिज्ञा करणाऱ्यांच्या डोक्यावर सहसा बँकेचा हप्ता नव्हता.

कर्जाचीच गरज कमी करण्याचा एक मार्ग महाराष्ट्राने दाखवला होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे काढली. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. फीपेक्षा राहणे-खाणे महाग असते, हे त्या राजाने ओळखले होते. आजही भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटर आहे. एम.ए.ची सरकारमान्य कॉलेजातली फी फार नसते. नागपुरातली खोली आणि मेस ही खरी फी असते. मुलीच्या बाबतीत तर राहण्याची सोय नाही म्हणूनच निम्मे निर्णय होऊन जातात, कर्जापर्यंत विषय जातच नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी काढला, त्यातून मिळणारी मदतही परत करावी लागते. डॉ. जयंत नारळीकर आणि माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन हे त्याच निधीचे कर्जदार.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९६३ मध्ये 'राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना' काढली. ही योजना आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. हुशार पण गरीब विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज, आणि फेड नोकरी लागल्यावर. तिच्यात एक कलम असे होते की कर्जदार शिक्षकी पेशात गेला तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ. दहा वर्षे शिकवले की कर्ज संपले. हे कलम वाचले तेव्हा आम्हाला बद्रच्या कैद्यांची रिवायत आठवली : ज्या कैद्याजवळ फिदिया द्यायला पैसे नाहीत, पण लिहिता-वाचता येते, त्याने मदिन्याच्या दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे. सरकारी कारकुनाने ती रिवायत वाचली असेल असे नाही. पण शिकवणे ही फेड होऊ शकते, ही कल्पना दोन्हीकडे आहे. दुर्दैवाने या योजनेची वसुली फारच कमी झाली आणि ती बंद पडली. लोकांनी सरकारी पैसा तो आपला पैसा असे समजून बुडवला. त्याची किंमत पुढच्या पिढीतल्या प्रामाणिक मुलांनी दिली, कारण त्यानंतर बँक आली.

२००१ मध्ये बँकांनी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना स्वीकारली. चार लाखांपर्यंत तारण नको, शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नको. हा मोठा फायदा होता, हे मान्य केले पाहिजे. ज्याच्या बापाकडे सात-बारा नाही, त्याला प्रथमच बँकेच्या दारात उभे राहता आले. फेडीची मुदत सुरुवातीला पाच ते सात वर्षे होती, नंतर ती पंधरा वर्षांपर्यंत वाढवली गेली. पण हप्ता थांबतो तेव्हा व्याज थांबत नाही. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी दोन लाख उचलले आणि व्याज दहा टक्के धरले. पहिला हप्ता सुरू होईपर्यंत चाराचे पाच लाख होतात. पाच वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १०,६०० रुपये. दहा वर्षांत फेडायचे तर सुमारे ६,६००. आता दुसरी बाजू पाहा. माध्यमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढवून १८ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्याचे २० हजार झाले. त्याआधी ते आठ आणि नऊ हजार होते. म्हणजे २०२३ पूर्वी एखादा एम.ए., बी.एड. कनिष्ठ महाविद्यालयात लागला असता, तर पाच वर्षांचा हप्ता त्याच्या संपूर्ण मानधनाहून मोठा झाला असता. आणि हे लागला तर. २०१२ पासून शिक्षक भरती वर्षानुवर्षे रखडली तेव्हा आमच्या वयाचे किती डी.एड., बी.एड. झालेले लोक मोबाइलच्या दुकानात बसले, ते आम्ही रोज पाहतो.

२००९ मध्ये केंद्राने गरीब घरातल्या मुलांच्या कर्जावरचे शिक्षणकाळातले व्याज भरण्याची योजना आणली. पण ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. उर्दू, इतिहास किंवा समाजशास्त्रात एम.ए. करणारा त्यात बसत नव्हता. अल्पसंख्याकांसाठी परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-सवलत देणारी 'पढो परदेस' योजना २०१३-१४ मध्ये आली आणि २०२२-२३ पासून बंद झाली. संशोधन करणाऱ्यांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिपही २०२२ मध्ये बंद करण्यात आली. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले होते की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या पन्नास विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान असतो. पंचवीस आणि पन्नास यांच्यामध्ये जी अर्धी मुले गळतात, तीच आमच्या ओसरीवर बसून "कर्ज काढू का" असे विचारत असतात.

व्याजाबद्दल आम्ही फतवा देऊ शकत नाही. तो आमचा अधिकार नाही. उलेमांमध्ये मतभेद आहेत, ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमाला विचारावे. मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मुलीच्या निकाहसाठी, मांडवासाठी, पाचशे माणसांच्या जेवणासाठी सोने गहाण ठेवले जाते, पतसंस्थेतून पैसे उचलले जातात, तेव्हा वस्तीत मसला विचारायला कोणी जात नाही. त्याच मुलीने एम.ए.साठी वर्षाला चाळीस हजार मागितले की सगळ्यांना एकदम सूद आठवतो.

मग आम्ही काय सांगतो? जो मुलगा केवळ नोकरी मिळत नाही म्हणून वेळ काढण्यासाठी एम.ए.ला बसतो आहे, त्याला कर्ज काढू नको म्हणतो. खासगी विद्यापीठाच्या रंगीत पुस्तिका घेऊन जो येतो, त्याला त्या अभ्यासक्रमाच्या मागच्या वर्षीच्या चार मुलांना फोन करायला सांगतो. बहुतेक वेळा तेवढे पुरते. ज्याला खरोखर विषयाची ओढ आहे, नेट-सेटची तयारी आहे, त्याला म्हणतो, आधी दोन वर्षे कमव, निम्म्याहून अधिक स्वतःचे जमव, उरलेले अशा माणसाकडून घे जो थांबू शकेल : मामू, चाचा, मशिदीच्या ओळखीचा व्यापारी. व्यवहार मात्र कागदावर लिही, दोन साक्षीदार घे. विडी कामगारांच्या मुलांना कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते. आमच्या जिल्ह्यात कार्ड असूनही अर्ज न करणारी घरे आहेत, त्यांना आधी तो अर्ज भरायला बसवतो.

आणि ज्यांना शिक्षकच व्हायचे आहे, त्यांच्यासाठी बँकेची पायरी चढण्याचे कारणच आम्हाला दिसत नाही. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ मध्ये निघाले, इग्नू त्याच्याही आधी १९८५ मध्ये. दोन्हीकडे घरी बसून एम.ए. करता येते. मुलींना तर याचा फार उपयोग झाला. कनिष्ठ महाविद्यालयात अर्ज करायला एम.ए. लागते, ते असे झालेलेही चालते. शाळेत राहिलो तर पदवीधर शिक्षकाला पदव्युत्तर पदवी निवडश्रेणीच्या वेळी उपयोगी पडते, आणि निवडश्रेणी मिळते चोवीस वर्षांच्या सेवेनंतर. बँकेची लांबात लांब मुदत पंधरा वर्षांची आहे.